बारा मिलिमीटरचा ग्राउंड ट्रॅक: बडोद्यातील एका भट्टी-नियंत्रकाचा प्रकरण अभ्यास

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पोलादी भागांवर उष्णोपचार करणारा एक लहान कारखाना आहे. तेथील विद्युत भट्टीसाठी आमच्या कार्यालयाने एक तापमान नियंत्रक तयार केला. भट्टीचे चार भाग होते. प्रत्येक भागात के प्रकारचे एक थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडातून तापमानानुसार सूक्ष्म व्होल्टेज देणारा संवेदक) आणि प्रत्येक भागाच्या हीटरसाठी एक कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) होता, आणि तो कॉन्टॅक्टर चालवणारा छोटा रिले आमच्या बोर्डावर होता. बोर्ड दोन थरांचा, १.६ मिलिमीटर जाडीचा, नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्याचा. त्याचा लेआउट, म्हणजे घटकांच्या जागा आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या (ट्रॅक) यांची मांडणी, कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. हे सॉफ्टवेअर १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केले आणि २०१३ पासून त्याला सर्न या संशोधन संस्थेचे पाठबळ मिळाले. ते मुक्त स्वरूपात मिळत असल्यामुळे आमच्यासारख्या लहान कार्यालयांना मोठ्या परवाना-शुल्काशिवाय नेटके काम करता येते. पुढील हकिगतीत दोष सॉफ्टवेअरचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. सॉफ्टवेअरने त्याला विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले होते. जो प्रश्न विचारायला हवा होता, तो आम्ही विचारला नव्हता. लेआउट आमच्या कनिष्ठ अभियंत्याने केला होता, तपासून मंजूर मी केला होता, म्हणून पहिल्या आवृत्तीची जबाबदारी माझी आहे.

तक्रार अशी आली. भट्टी ४०० अंशांवर स्थिर ठेवून टेम्परिंग (कठीण केलेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे) करायचे असताना तापमान ४०० च्या जवळ पोचले की रिले सतत चालू-बंद होत. दोन अंशांचे हिस्टेरेसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या तापमानांमधील मुद्दाम राखलेले अंतर, ठेवलेले असूनही ते दर काही सेकंदांनी वाजत, आणि कॉन्टॅक्टरच्या संपर्कांवर काळे डाग पडू लागले होते. शिवाय भट्टीत वेगळे धरलेल्या तपासणी-थर्मामीटरचे वाचन नियंत्रकाच्या वाचनापेक्षा कधी चार, कधी दहा, कधी सतरा अंशांनी कमी असे. टेम्परिंगमध्ये तापमान इतके ढळले तर पोलादाची कठीणता बदलते, आणि भाग ग्राहकाकडून परत येतात. आकडा थोडाफार हलतो एवढ्यावर सोडून देण्यासारखा हा प्रकार नव्हता.

पहिला संशय अर्थिंगवर गेला. आपल्याकडे कारखान्यात विचित्र वागणाऱ्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूबाबत पहिला प्रश्न अर्थिंगचाच असतो, आणि अनेकदा तो योग्यही असतो. पॅनेलची अर्थ-पट्टी तपासली, खड्ड्यात पाणी घातले, रोध मोजला. तो ठीक निघाला. येथे एक गोंधळ दूर करायला हवा. अर्थिंग म्हणजे माणसाच्या सुरक्षेसाठी पॅनेलच्या धातूला जमिनीशी जोडणारी तार. बोर्डावरचे ग्राउंड म्हणजे सर्किटमधील प्रवाहांना पुरवठ्याच्या ऋण टोकाकडे परत नेणारा तांब्याचा मार्ग. दोन्हींना बोलताना आपण एकाच श्वासात ‘ग्राउंड’ म्हणतो, आणि त्यामुळे एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगावर शोधला जातो.

दुसरा संशय विद्युत गोंगाटावर गेला. आमच्या प्रोग्राममध्ये दर वाचनासाठी सोळा नमुन्यांची सरासरी काढली जात होती. ती चौसष्टची केली. थर्मोकपलच्या टर्मिनलवर कपॅसिटर वाढवले. वाचन अधिक मुलायम झाले, पण चुकायचे तेवढेच चुकत राहिले. येथेच आम्ही थांबून विचार करायला हवा होता. सरासरीने जो दोष कमी होत नाही तो गोंगाट नसतो, तो एकाच दिशेचा स्थिर ढळ असतो. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले आहे, तरी प्रत्यक्ष भट्टीसमोर उभे असताना ते मला दोन दिवस उशिरा आठवले.

दिशा मिळाली ती भट्टी चालवणाऱ्या गृहस्थांकडून. दांडिया बाजारात वाढलेले हे काका पंचवीस वर्षे भट्ट्यांवर काम करत आहेत आणि त्यांना सर्किटची भाषा येत नाही. आमच्या अभियंत्याला ते म्हणाले, “ताई, आकडा उगाच उडत नाही. रिले खट् वाजला की तेवढाच चढतो, दुसरा वाजला की अजून तेवढाच. मी मोजून पाहिलंय.” त्यांनी वहीत खरोखरच मांडून ठेवले होते: एक रिले चालू, चार अंश; दोन चालू, आठ-नऊ; चारही चालू, सतरा. भट्टी त्या वेळी बंद आणि थंड होती. त्यांनी रिले हाताने चाचणी-पद्धतीत चालवले होते, त्यामुळे हीटरने खरेच तापमान वाढले असण्याचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यातील दुपारी, पॅनेलच्या पेटीत ५५ अंशांपर्यंत उष्णता चढली असताना, हाच सतरा अंशांचा ढळ एकोणीसपर्यंत जात असे, असेही त्यांनी टिपले होते.

त्या वहीतील तीन ओळींत निदान जवळजवळ पूर्ण होते. दर रिलेमागे सारखीच वाढ होते याचा अर्थ ढळ प्रवाहाच्या प्रमाणात आहे, म्हणजे कोठेतरी एक साधा रोध आहे, ज्यातून रिलेंचा प्रवाह जातो आणि ज्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज थर्मोकपलच्या व्होल्टेजमध्ये मिसळते. तापमानाबरोबर ढळ वाढतो याचा अर्थ तो रोध बहुधा तांब्याचा आहे. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ पासून ५५ अंशांपर्यंत जवळजवळ १२ टक्के. सतरावर बारा टक्के चढवले की एकोणीस येतात.

आता हिशेब. के प्रकारच्या थर्मोकपलचे व्होल्टेज दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट बदलते आणि ४०० अंशांना ते अवघे १६.४ मिलिव्होल्ट असते. आमचा रिले १२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा, म्हणजे ३० मिलिअँपिअर घेणारा होता. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौकोनी तुकड्याचा, मग तो चौकोन लहान असो वा मोठा, कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध जवळजवळ अर्धा मिलिओहम असतो. त्यामुळे ट्रॅकची लांबी त्याच्या रुंदीने भागली की किती चौकोन आहेत ते कळते, आणि त्याची निमपट केली की रोध मिलिओहममध्ये मिळतो. बोर्डावर थर्मोकपलच्या टर्मिनलपासून त्याचे सूक्ष्म व्होल्टेज वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या ग्राउंडपर्यंत जाणारा ट्रॅक १२ मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर रुंद होता. बारा चौकोन म्हणजे सुमारे ५.९ मिलिओहम. त्यातून ३० मिलिअँपिअर गेले की ०.१८ मिलिव्होल्ट पडतात, आणि त्याचे अंश करायचे तर चार पूर्णांक तीन. चार रिलेंचे सतरा. साडेचार अंकी मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर लावून त्या दोन टोकांवर टोचण्या ठेवल्या, तेव्हा एका रिलेला ०.१८ आणि चारांना ०.७२ मिलिव्होल्ट दिसले. काकांची वही, कागदावरचा हिशेब आणि मीटर या तिघांचे एकमत झाले.

एक मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक १२० मिलिअँपिअरसाठी कोणत्याही तक्त्याप्रमाणे पुष्कळ आहे. तो तापणार नाही, जळणार नाही. म्हणूनच तपासताना माझी नजर त्यावरून सरकून गेली. ट्रॅकची रुंदी आपण बहुतेक वेळा तो किती तापेल या निकषावर ठरवतो. सूक्ष्म व्होल्टेज मोजणाऱ्या बोर्डावर मात्र ग्राउंडच्या तुकड्याला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: या तुकड्यातून कोणाकोणाचा प्रवाह जातो, आणि याच्या दोन टोकांना समान मानून कोण मोजमाप करते?

या बोर्डावर त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भयंकर होते. ग्राउंडचा ट्रॅक पुरवठ्याच्या टर्मिनलपासून निघून आधी अॅम्प्लिफायरला, मग थर्मोकपलच्या टर्मिनलला, मग रिले चालवणाऱ्या यूएलएन २००३ या चिपच्या आठव्या पिनला आणि शेवटी डिस्प्लेला जात होता. चारही रिलेंचा परतीचा प्रवाह त्या एकाच आठव्या पिनमधून बाहेर पडतो आणि पुरवठ्याकडे परतताना थर्मोकपलचे ऋण टोक आणि अॅम्प्लिफायरचे ग्राउंड यांच्यामधून जातो. थर्मोकपलचे ऋण टोक त्यामुळे वर उचलले जाते आणि वाचन वाढते. रिले लागला की वाचन वाढते, वाचन वाढले की नियंत्रक रिले सोडतो, रिले सुटला की वाचन पडते, आणि नियंत्रक तो पुन्हा लावतो. दोन अंशांचे हिस्टेरेसिस चार अंशांच्या उडीसमोर टिकणार कसे? संपर्कांवरचे काळे डाग याच चक्रातून आले होते.

डिस्प्लेचे ४० मिलिअँपिअरही याच तुकड्यातून जात. त्याने जवळजवळ सहा अंशांचा ढळ पडायला हवा होता, पण तो कधी दिसला नाही, कारण कारखान्यात पाठवण्यापूर्वी बोर्डाचे कॅलिब्रेशन डिस्प्ले चालू आणि रिले बंद ठेवून केले होते. डिस्प्लेचा दोष कॅलिब्रेशनच्या आकड्यात मुरून गेला. कॅलिब्रेशनने दोष झाकला जाण्याचा हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो. आमच्या बाकावर ते कॅलिब्रेशन रिले चालू ठेवूनही एकदा तपासले असते, तर बोर्ड मकरपुऱ्याला पोचलाच नसता.

सॉफ्टवेअरमध्ये हे घडले कसे

हा भाग मला विस्ताराने लिहायचा आहे, कारण ही वाट कोणत्याही नवख्या आणि काही मुरलेल्या लेआउटकारांचीही आहे.

स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, काढताना ग्राउंडचे चिन्ह हवे तेथे ठेवता येते. तीसेक ठिकाणी ते चिन्ह आले की सॉफ्टवेअरच्या लेखी ती तीस ठिकाणे म्हणजे एकच नेट (एकमेकांशी जोडायच्या टोकांचा संच), एकच नाव. कागदावर त्यांच्यामध्ये अंतरही नसते आणि रोधही नसतो. मग लेआउटच्या खिडकीत हेच नेट बारीक सरळ रेषांच्या जाळ्याच्या रूपात दिसते, आणि न जोडलेल्या पॅडपासून (घटकाचा पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेपासून) पॅडपर्यंत त्या रेषा ओढलेल्या असतात. या रेषा कशा निवडल्या जातात? एकूण लांबी कमीत कमी होऊन सगळे पॅड जोडले जातील अशा. हे गणिती उत्तर आहे आणि आपल्या प्रश्नापुरते अचूक आहे. पण नवा माणूस त्या रेषेला मार्गदर्शन समजतो. रेषा अॅम्प्लिफायरकडून थर्मोकपलच्या टर्मिनलकडे गेलेली दिसते, म्हणून ट्रॅकही तसाच ओढतो. ट्रॅक ओढला की रेषा नाहीशी होते आणि काम झाल्याचे समाधान मिळते. अशा रीतीने ग्राउंड एका पॅडवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, साखळीसारखे वाढत जाते. साखळीत कोणाचा प्रवाह कोणाच्या दारातून जाईल हे केवळ पॅडांच्या जागांवर ठरते.

आमच्या अभियंत्याने शिवाय ग्राउंड शेवटी ओढले होते. इतर सगळे सिग्नल सुबक पद्धतीने बसवले, आणि उरलेल्या जागेतून ग्राउंड नेले. पुष्कळ ठिकाणी हीच पद्धत आहे, कारण ग्राउंडला ‘ते काय, सगळीकडेच असते’ असे मानले जाते. शेवटी डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियम-तपासणी, चालवली. न जोडलेले पॅड शून्य, अंतराच्या चुका शून्य, रुंदीच्या चुका शून्य. पडद्यावर सारे हिरवे होते. डीआरसीला विचारलेला प्रश्न एवढाच असतो की, जे एका नावाचे आहे ते जोडलेले आहे का आणि जे वेगळ्या नावाचे आहे ते पुरेसे दूर आहे का. प्रवाह कोठून जातो हा प्रश्न तिच्या कक्षेतच नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक साधी सवय लावून घेतली. लेआउट पूर्ण झाल्यावर दोन्ही थरांची मोठ्या आकारात छपाई काढायची, आणि रंगीत पेन्सिलीने एकेका मोठ्या प्रवाहाची पूर्ण फेरी आखायची. पुरवठ्याच्या धन टोकापासून रिलेपर्यंत, तेथून चिपमधून, आणि मग ग्राउंडच्या तांब्यावरून परत ऋण टोकापर्यंत. जाण्याची वाट प्रत्येकाला काढता येते, पेन्सिल अडखळते ती परतीच्या वाटेवर. अडखळली की तेथेच थांबून पाहायचे. पडद्यावर नेट उजळवण्याची सोय आहे आणि ती उपयोगी आहे, पण ती पूर्ण ग्राउंड एकदम उजळवते. तिच्यात वाट वेगळी दिसत नाही.

दुसरी आवृत्ती

दुरुस्तीच्या उत्साहात आम्ही उलट टोकाला गेलो. ग्राउंडचे ट्रॅक काढून टाकले आणि तळाच्या थरावर तांब्याचे दोन वेगळे भराव (सलग तांब्याची क्षेत्रे) टाकले, अॅनालॉगचा एक आणि डिजिटलचा एक. दोहोंमध्ये दीड मिलिमीटर रुंद आणि ६२ मिलिमीटर लांब फट ठेवली, आणि पुरवठ्याजवळ ते एका ठिकाणी जोडले. अशी विभागणी अनेक जुन्या मार्गदर्शनपर लेखांत सांगितलेली असते आणि रिलेच्या ढळापुरती ती लागू पडली. चारही रिले लावूनही वाचन अर्ध्या अंशाच्या आत राहिले. आम्ही समाधानाने बोर्ड पाठवले.

आठवड्याभरात नवी तक्रार आली. दिवसातून चार-पाच वेळा एखाद्या भागाचे वाचन क्षणभर कमाल मर्यादेला जाई, भोंगा वाजे, आणि लगेच सर्व ठीक होई. ते बहुतेक वेळा कॉन्टॅक्टर सुटण्याच्या क्षणी घडे. या वेळी आम्ही चूक ओळखायला फार वेळ लावला नाही, कारण पेन्सिलीची छपाई टेबलावरच होती. अॅनालॉग भागातील एडीसी (व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारी चिप) आणि डिजिटल भागातील मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) यांच्यामधील एसपीआय या संदेशवहन-जोडणीचे चारही ट्रॅक वरच्या थरावरून ती फट थेट ओलांडत होते. ट्रॅक पलीकडे गेला, पण त्याचा परतीचा प्रवाह कोठून येणार? त्याच्याखाली तांबेच नव्हते. तो फटीच्या कडेकडेने पुरवठ्याजवळच्या जोडापर्यंत जाऊन, शंभर मिलिमीटरहून अधिक वळसा घेऊन परत येत होता.

स्थिर प्रवाह रोधाच्या हिशेबाने वाटला जातो. जलद बदलणारा प्रवाह मात्र ज्या वाटेचा वेढा सर्वांत लहान, म्हणजे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) सर्वांत कमी, ती वाट धरतो, आणि अशी वाट सिग्नलच्या ट्रॅकच्या अगदी खाली असते. आमच्या एसपीआयचा वेग सेकंदाला दहा लाख आवर्तनेच होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण महत्त्वाचे असते ते चढ-उताराला लागणारे क्षण, आणि ते काही नॅनोसेकंदांचे असतात. अशा वेढ्याला दर मिलिमीटरमागे ढोबळमानाने एक नॅनोहेन्री धरला तर शंभर मिलिमीटरला शंभर नॅनोहेन्री होतात. पाच नॅनोसेकंदांत वीस मिलिअँपिअर बदलले तर त्यावर ०.४ व्होल्ट उमटतात. हे आपल्याच सिग्नलने केलेले. त्यावर कॉन्टॅक्टरच्या कॉइलने सुटताना टाकलेला झटका आला की त्या मोठ्या वेढ्यात तो सहज पकडला जातो, आणि एडीसीकडून आलेल्या शून्यांचे एक होतात. असे झटके प्रयोगशाळेत तपासण्यासाठी आयईसी ६१०००-४-४ हे मानक आहे, आणि त्यातील एका स्पंदाचा चढ पाच नॅनोसेकंदांचाच असतो.

व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर हे पाहताना एक खबरदारी घ्यावी लागली. प्रोबची नेहमीची लांब ग्राउंड-तार स्वतःच एक वेढा होते आणि बोर्डावर नसलेला गोंगाट पडद्यावर दाखवते. ती काढून टोकाजवळचे आखूड स्प्रिंगचे ग्राउंड लावल्यावरच खरे चित्र दिसले.

कारखान्यातील विद्युत कंत्राटदाराने कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रोध व कपॅसिटरचे स्नबर (झटका शमवणारी जोडणी) बसवले आणि भोंग्याचे प्रसंग जवळजवळ थांबले. तेथे थांबण्याचा मोह होता. पण स्नबर हा त्या एका पॅनेलपुरता उपाय होता. तोच बोर्ड दुसऱ्या भट्टीवर स्नबरशिवाय बसला तर तोच भोंगा वाजला असता. बोर्ड स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, असे माझे ठाम मत होते, आणि खर्च आमच्या खिशातून करून तिसरी आवृत्ती काढली.

तिसरी आवृत्ती

या वेळी एकही ट्रॅक ओढण्यापूर्वी दोन दिवस केवळ घटकांच्या जागा ठरवण्यात गेले. पुरवठ्याचे टर्मिनल, यूएलएन २००३ आणि चारही रिले बोर्डाच्या एका टोकाला एकमेकांना लागून बसवले, ज्यामुळे रिलेंचा प्रवाह तेथल्या तेथेच फिरून परत जाईल. त्यांच्या शेजारी डिस्प्लेचा जोड, मध्ये मायक्रोकंट्रोलर, आणि अगदी दुसऱ्या टोकाला एडीसी, अॅम्प्लिफायर व थर्मोकपलचे टर्मिनल. तळाचा थर जवळजवळ अखंड ग्राउंडला दिला. फट ठेवली नाही. वेगळेपण आले ते जागांमुळे. प्रवाह पुरवठ्याकडे ओढला जातो, आणि पुरवठा अॅनालॉग भागाच्या विरुद्ध टोकाला असल्यामुळे त्याला अॅनालॉग भागाकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

मात्र अखंड तांब्यावरही विसंबून राहता येत नाही, हे हिशेबाने दिसते. समजा, चार रिलेंच्या १२० मिलिअँपिअरच्या वाटेत अखंड प्लेनचा (सलग तांब्याच्या थराचा) एक चौकोन आला. अर्धा मिलिओहम, म्हणजे ०.०६ मिलिव्होल्ट, म्हणजे दीड अंश. संगणकाच्या बोर्डावर हे नगण्य आहे, थर्मोकपलसाठी नाही. म्हणून थर्मोकपलचे ऋण टोक टर्मिनलपाशी ग्राउंडला मुळीच जोडायचे नाही, तर धन टोकाच्या ट्रॅकला लागून स्वतंत्र ट्रॅकने अॅम्प्लिफायरपर्यंत न्यायचे आणि तेथे, गेन (व्होल्टेज किती पट वाढवायचे ते) ठरवणारा रोध ज्या बिंदूवर ग्राउंडला मिळतो त्याच बिंदूवर, जोडायचे असे ठरवले. त्या स्वतंत्र ट्रॅकमधून कोणाचाही प्रवाह जात नाही, म्हणून त्यावर व्होल्टेज पडत नाही.

येथे सॉफ्टवेअरशी थोडे झगडावे लागते. ऋण टोकाचे नेट ‘ग्राउंड’ याच नावाचे ठेवले, तर तांब्याचा भराव टाकताच सॉफ्टवेअर त्या टर्मिनलच्या पॅडला आपुलकीने भरावाशी जोडून टाकते आणि स्वतंत्र ट्रॅकचा अर्थच संपतो. उपाय असा की, स्कीमॅटिकमध्ये त्या चार टोकांना वेगळी चार नावे द्यावीत आणि अॅम्प्लिफायरजवळ ‘नेट-टाय’ नावाचा घटक ठेवावा. नेट-टाय म्हणजे दोन पॅडना जोडणारा तांब्याचा छोटा तुकडा. विकत आणायचे काही नसते, खर्च शून्य. सॉफ्टवेअरला त्यामुळे कळते की ही दोन नावे येथे, आणि फक्त येथेच, मुद्दाम एकत्र आलेली आहेत. भराव मग टर्मिनलपाशी आपोआप अंतर राखतो, आणि कोणी चुकून ती दोन नेट दुसरीकडे जोडली तर डीआरसी हरकत घेते. ज्या प्रश्नाचे उत्तर डीआरसीला देता येत नव्हते, तो प्रश्न नावांच्या रूपात तिच्या भाषेत मांडण्याची ही युक्ती आहे, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

भरावाबाबत आणखी काही गोष्टी हाताने पाहाव्या लागल्या. रिलेचे पॅड हाताने सोल्डर होणार होते, म्हणून त्यांना थर्मल रिलीफ, म्हणजे पॅडला भरावाशी केवळ बारीक दांड्यांनी जोडणारी रचना, ठेवले, नाहीतर सगळी उष्णता प्लेन ओढून घेतो आणि सांधा कोरडा राहतो. पण यूएलएनच्या आठव्या पिनला शेजारच्या ट्रॅकमुळे चारपैकी एकच बारीक दांडी मिळत होती. डीआरसीने अपुऱ्या दांड्यांची सूचना दिली होती. ती दुर्लक्षून चालले नसते, म्हणून ट्रॅक सरकवून चारही दांड्या ०.८ मिलिमीटरच्या केल्या. व्हायांना, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या छिद्रांना, मात्र सरळ भरीव जोड दिला. तळाच्या थरावरून नाइलाजाने नेलेले सिग्नलचे तुकडे दुसऱ्या आवृत्तीत तेवीस होते, ते सहावर आणले, आणि एकही आठ मिलिमीटरपेक्षा लांब ठेवला नाही, कारण असा प्रत्येक तुकडा म्हणजे प्लेनमधील एक फटच असते. एडीसीच्या खालच्या क्षेत्रात तळाला ट्रॅक नेण्यास मनाई करणारे रूल एरिया आखले. बोर्ड छापणाऱ्याला द्यायच्या गर्बर फाइल काढण्यापूर्वी भराव पुन्हा भरून घेतला. ट्रॅक हलवल्यावर भराव जुनाच राहिला असेल, तर पडद्यावर दिसते ते आणि कारखान्यात छापले जाते ते खोटे ठरते.

चार थरांचा बोर्ड का केला नाही, असे एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. चार थरांमध्ये सिग्नल आणि प्लेन यांच्यामधील अंतर १.६ मिलिमीटरवरून ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते आणि वेढे पुष्कळच लहान होतात. या बोर्डावर सिग्नल थोडे होते आणि जागा पुरेशी होती, म्हणून दोन थरांत निभावले. सिग्नल दाटीचे असते तर मी चार थरांचा आग्रह धरला असता.

चाचणी काकांच्याच पद्धतीने झाली: भट्टी थंड, रिले एकामागून एक हाताने चालू. मल्टीमीटरच्या शेवटच्या अंकात, म्हणजे ०.०१ मिलिव्होल्टमध्ये, काही हालचाल दिसली नाही. चारही रिले अर्धा तास चालू ठेवल्यावर एका भागाचे वाचन ०.३ अंशाने सरकले. पण त्याचे कारण ग्राउंड नव्हते. रिलेंच्या उष्णतेने पेटीतील हवा तापून टर्मिनलजवळचा कोल्ड जंक्शनचा (थर्मोकपलच्या टर्मिनलकडील टोकाचे तापमान मोजणारा) सेन्सर टर्मिनलपेक्षा किंचित अधिक गरम होत होता. पेटीच्या झरोक्यांची जागा बदलून ते निम्म्यावर आले, आणि टेम्परिंगच्या कामाला तेवढे चालते. स्नबर काढून कॉन्टॅक्टर हजार वेळा चालू-बंद केला. भोंगा वाजला नाही.

पहिल्या आवृत्तीचे अकरा बोर्ड तोवर बाहेर गेलेले होते. ते परत मागवून फेकण्याऐवजी जागेवर दुरुस्त केले. थर्मोकपलच्या टर्मिनलला दोन्ही बाजूंनी येणारा ग्राउंडचा ट्रॅक धारदार पात्याने कापला, टर्मिनलपासून अॅम्प्लिफायरच्या गेन-रोधापर्यंत पातळ इनॅमल तार सोल्डर केली, आणि यूएलएनच्या आठव्या पिनपासून पुरवठ्याच्या टर्मिनलपर्यंत जाड तार टाकली. डिस्प्लेचा ट्रॅक त्याच पिनपासून पुढे जात असल्यामुळे त्याचाही प्रवाह या जाड तारेने परतू लागला. मग कॅलिब्रेशन नव्याने केले, कारण त्यात मुरलेला डिस्प्लेचा सहा अंशांचा ढळ आता नाहीसा झाला होता आणि जुन्या आकड्यांवर भट्टी तेवढीच उलट दिशेने चुकली असती. या वेळी प्रत्येक बोर्डाची नोंद दोनदा घेतली, एकदा रिले बंद ठेवून आणि एकदा चारही रिले चालू ठेवून, आणि दोन्ही आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कागदावर लिहून चिकटवले.